मोबाईल ठेवून उठताना: संध्याकाळचा स्क्रीन, मान आणि तोल

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाच्या सुमाराला आई माजघरातून परसदाराकडं निघाली आणि दुसऱ्या उंबऱ्याशी पडली. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं आमचं घर जुनं. मधे दोन उंबरे, पुढं शहाबादी फरशी आणि पावसात ती कायम ओलसर. पण आई या वाटेवरून चाळीस वर्षं ये-जा करते आहे. मनगटाला प्लास्टर घालून घेताना ती सारखी तेच म्हणत होती, "रोजचीच वाट हाय की गं. उठलो, चार पावलं टाकली आणि डोळ्याम्होरं नुसता अंधार. पाय कुठं पडला कळलंच नाही बघ."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पडलेल्या माणसांना पुन्हा चालतं करणं हे माझं रोजचं काम. तरी पडायच्या आधीच्या तासाभरात आई काय करत होती, हे मी तिला तिसऱ्या दिवशी विचारलं. ती पलंगावर मांडी घालून, पोक काढून, चाळीशी नाकावर ठेवून मोबाईलवर मालिका बघत होती. खोलीतला दिवा तिनं आधीच मालवला होता. भाग संपला, मोबाईल उशीखाली सारला आणि ती तशीच उठली.

मान, डोळे, चष्मा आणि पाय, चौघांनीही एकाच क्षणी तिची साथ सोडली होती. तेव्हापासून पडून आलेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारते: पडायच्या आधी काय करत होता? उत्तरात मोबाईल किंवा टीव्ही इतक्या वेळा येतो की हे सगळं एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं. मोबाईल बघताना माणूस पडत नाही. तो ठेवून उठल्यानंतरचं पहिलं मिनिट धोक्याचं असतं. या लेखातली प्रत्येक पायरी त्या एका मिनिटासाठी आहे.

तोल येतो कुठून आणि जातो कुठं

उभं राहताना मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते. डोळे सांगतात की भिंत सरळ आहे, जमीन कुठं आहे. कानाच्या आतलं यंत्र सांगतं की डोकं कुठं वळतंय, किती वेगानं. आणि तळवे, घोटे, गुडघे, मानेचे स्नायू सांगतात की शरीराचा कुठला भाग कुठं आहे. एक खबर कमी पडली तर बाकीच्या दोन सांभाळून घेतात. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या रोमबर्ग नावाच्या डॉक्टरांनी रुग्णाला पाय जुळवून उभं करून डोळे मिटायला लावायची पद्धत रूढ केली. ती तपासणी आजही दवाखान्यात होते, कारण डोळे मिटले की उरलेल्या दोघांची ताकद लगेच उघडी पडते.

संध्याकाळचा स्क्रीन या तिन्हींवर थोडा थोडा हात मारतो. तरुण माणसात ते खपून जातं. साठीनंतर खपत नाही.

मानेपासून सुरू करू. डोक्याचं वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो. मान सरळ असते तेव्हा तो भार मणक्यावर अलगद बसतो. मान पुढं झुकली की मागच्या स्नायूंना ओढून धरावं लागतं. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ साली संगणकावर गणित मांडून दाखवलं की मान १५ अंश वाकली तर मानेवरचा भार सुमारे १२ किलोइतका होतो, ३० अंशाला १८ आणि ६० अंशाला २७ किलो. म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून जास्त. हे गणित आहे, कुणाच्या मानेत काटा घालून मोजलेलं वजन नाही, त्यामुळं आकडा प्रत्येकाला तंतोतंत लागू होईल असं नाही. पण मांडीवरच्या मोबाईलकडं बघताना मान किती वाकते ते आरशात बघा, मग भार कुठल्या दिशेला जातो ते पटेल.

तोलाच्या दृष्टीनं भारापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कवटीच्या खाली, मानेच्या वरच्या टोकाला अगदी लहान लहान स्नायू असतात. ताण मोजणारे सूक्ष्म तंतू त्यांच्यात खच्चून भरलेले असतात. डोकं धडाच्या तुलनेत कुठं आहे, ही खबर मेंदूला मुख्यतः तिथून जाते. मानेचे स्नायू मुद्दाम थकवून माणसांना उभं केल्याचे प्रयोग झाले आहेत, आणि थकलेल्या मानेनं उभं राहताना शरीर जास्त डुलतं असं त्यांत दिसलं आहे. तासभर पोक काढून बसल्यावर नेमके हेच स्नायू थकलेले असतात.

डोळ्यांचं तर आपल्याला रोज अनुभवाला येतं. भर दुपारी महाद्वारातून अंबाबाईच्या देवळात शिरलं की पहिली काही पावलं आपण चाचपडतच टाकतो. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि वयाबरोबर हा वेळ वाढतो. बाहुली लहान झालेली असते, भिंग पिवळसर झालेलं असतं. अंधाऱ्या खोलीतला मोबाईल म्हणजे हातात धरलेली भर दुपार. तो विझला की पुढची काही मिनिटं उंबरा दिसत नाही, आठवावा लागतो.

२०१६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये इंग्लंडमधल्या दोन बायकांची हकीकत छापून आली होती. त्यांना अधूनमधून एका डोळ्यानं काही मिनिटं दिसेनासं व्हायचं. तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. शेवटी कळलं की दोघी अंधारात कुशीवर झोपून मोबाईल बघायच्या. एक डोळा उशीत दबलेला, दुसरा स्क्रीनवर. मोबाईल ठेवल्यावर उशीतला डोळा अंधाराला सरावलेला असायचा आणि दुसरा आंधळ्यासारखा. आपल्याकडं कुशीवर पडून रील बघणारे घराघरात आहेत. तेच लोक रात्री उठून मोरीकडं जातात.

पहिली पायरी: आधी स्वतःला मोजा

उपाय सुरू करायच्या आधी आज तोल कसा आहे ते एका वहीत लिहा. यासाठी लागतं ते घड्याळ, एक जड खुर्ची आणि खोलीचा कोपरा. कोपऱ्यात पाठ करून उभं राहायचं, समोर खुर्चीची पाठ. म्हणजे तोल गेला तर मागं भिंत, पुढं खुर्ची. गेल्या वर्षभरात पडला असाल, चक्कर येत असेल किंवा वय सत्तरीच्या पुढं असेल तर घरातलं कुणीतरी शेजारी उभं असल्याशिवाय हे करू नका.

पाय जुळवून दहा सेकंद उभे राहा. मग एक पाऊल अर्धं पुढं सरकवून दहा सेकंद. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून, एका रेषेत, दहा सेकंद. शेवटी एका पायावर दहा सेकंद. डोळे उघडेच ठेवायचे. एका रेषेत दहा सेकंद जमत नसेल तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरून चालायचं. एका पायावरच्या दहा सेकंदांबद्दल ब्राझीलमधल्या एका संशोधनाची २०२२ मध्ये बरीच चर्चा झाली. ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना त्यांनी तपासलं होतं. ज्यांना ते दहा सेकंद जमले नाहीत त्यांच्यात पुढच्या सुमारे सात वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. एका पायावर उभं न राहता आल्यानं कुणी मरत नाही. तब्येत आतून खालावत चालल्याची ती खूण असते, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळं आकडा कमी आला तर घाबरू नका, लिहून ठेवा.

आता खरी गंमत. हीच मोजणी एकदा दुपारी चारला करा आणि एकदा रात्री, नेहमीसारखा पाऊण तास मोबाईल बघून झाल्यावर. रात्रीच्या वेळी मोबाईल ठेवायच्या आधी दिवा लावा, ठेवल्यावर दोन मिनिटं बसून राहा, मगच उभे राहा. माझ्या आईला दुपारी एका रेषेत सात सेकंद जमले. रात्री चार. तिला मी महिनाभर जे सांगत होते ते त्या तीन सेकंदांनी सांगितलं.

मानेसाठी वेगळी मोजणी. भिंतीला टाचा, कुल्ले आणि पाठ टेकवून उभं राहायचं, हनुवटी वर न उचलता. डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकतो का? टेकत नसेल तर मधे किती बोटं मावतात ते दुसऱ्याकडून मोजून घ्या. चाळिशीतल्या माणसाची एक-दोन बोटांची फट व्यायामानं बऱ्याचदा कमी होते. पण साठीनंतरची चार-पाच बोटांची फट, उंचीही कमी झाल्यासारखी वाटते, पाठीत अचानक कधीतरी कळ येऊन गेलेली, असं असेल तर जोर लावून मान मागं ढकलू नका. हाडं ठिसूळ होऊन पाठीचा एखादा मणका दबलेला असू शकतो. आधी डॉक्टर, मग व्यायाम.

दुसरी पायरी: बसण्याची जागा बदला

"ताठ बस" असं कितीही वेळा सांगितलं तरी ताठ बसणं दोन मिनिटं टिकतं. त्यामुळं मी सांगणं सोडलं आणि जागा बदलायला सुरुवात केली. शरीर जागेप्रमाणं बसतं.

आपल्याकडं निम्मी संध्याकाळ खाली बसून जाते, आणि त्यात वाईट काही नाही. मांडी घातल्यावर कंबर मागं गोल होते, तिच्यामागं पाठ, तिच्यामागं मान. वाकळ चार घड्या करून कुल्ल्यांखाली घ्या. बूड गुडघ्यांपेक्षा चार बोटं वर आलं की कंबर आपोआप उभी राहते. पाठ भिंतीला, कमरेच्या खळग्यात लहान उशी. आणि मांडीवर लोड किंवा जाड तक्क्या घेऊन त्यावर कोपरं टेकवायची, म्हणजे मोबाईल पोटाजवळून उठून छातीच्या वर येतो. नजर थोडी खाली गेली तरी चालते, मान जाता कामा नये. शंभरातल्या नव्वद घरांत या तिन्ही वस्तू असतातच, विकत काही आणायचं नाही.

मालिका मोबाईलवर बघायची असेल तर मोबाईल हातात धरूच नका. स्टँड नसेल तर डब्याला टेकवून उंच फळीवर किंवा टेबलावर ठेवा, हातभर लांब. आईला मी तिच्या मालिका टीव्हीवर लावून दिल्या. टीव्ही आधी कपाटाच्या वर, छताजवळ होता, तो खाली आणला. मान वर करून बघणंही तितकंच वाईट. बसल्या जागेवरून नजर सरळ जाईल तिथं स्क्रीनचा वरचा कड यावा.

अंथरुणात पडून बघणं मात्र मला कुठल्याच प्रकारे सोयीचं करून देता येत नाही. पालथं, कुशीवर, दोन उशा घेऊन, सगळ्यांत मान वाकडीच राहते. पडलं की मोबाईल ठेवायचा, हा आमच्या घरचा आता नियम आहे आणि तो सगळ्यांत अवघड नियम आहे.

मुलांबद्दल दोन शब्द. दहावी-बारावीची पोरं पडत नाहीत, त्यांचा तोल चांगला असतो. पण मान आणि डोकं दुखतंय म्हणून येणाऱ्यांत ती वाढली आहेत. त्यांना मोबाईल सोड म्हणण्यापेक्षा दर वीस मिनिटांनी उठवा. पाणी आण, दार उघड, आजीला विचार, काहीही काम सांगा. शरीराला सर्वांत चांगली ठेवण म्हणजे बदलती ठेवण.

तिसरी पायरी: उठण्याची रीत

हा लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं करा.

स्क्रीन बंद करायच्या आधी खोलीतला दिवा लावा. नंतर नाही, आधी. अंधारात मोबाईल बंद करून मग बटण शोधायला उठणं म्हणजे नेमकं ज्या मिनिटात दिसत नाही त्याच मिनिटात चालणं. दिव्याचं बटण लांब असेल तर पलंगाजवळ हाताशी एक दिवा ठेवा.

चाळीशी काढा. जवळचा चष्मा लावून लांबचं पुसट दिसतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण मालिका संपल्यावर तो नाकावरच राहतो. दोन भागांचा चष्मा असेल तर जास्त जपा. त्याच्या खालच्या भागातून पायाजवळची जमीन आणि पायरीचा कड धूसर दिसतो, पायरी किती खोल आहे याचा अंदाज चुकतो. पायरी उतरताना हनुवटी थोडी खाली घेऊन वरच्या काचेतून बघायची सवय लावून घ्यावी लागते.

पाय पुढं सोडून बसा आणि पाऊल वर-खाली वीस वेळा हलवा. मांडी घालून बसल्यानं गुडघ्याजवळची नस दबते, पायाला मुंग्या येतात, बधीर पाऊल जमिनीवर टेकलं की नाही हेच कळत नाही. मुंग्या पूर्ण जाईपर्यंत उठायचं नाही. बेल वाजू दे, फोन वाजू दे. पोटऱ्या हलल्यानं पायांत साठलेलं रक्तही वर सरकतं. बऱ्याच वेळानं एकदम उभं राहिलं की रक्तदाब काही क्षण खाली येतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना हे जास्त होतं. भरपेट जेवणानंतरच्या एक-दोन तासांतही वयस्कर माणसांचा रक्तदाब उतरतो. रविवारी रात्री तांबडा-पांढरा ओरपून, मग तासभर रील बघून उठणाऱ्या आण्णांना मी हे मुद्दाम सांगते.

मग पलंगाच्या कडेला पाऊल पूर्ण टेकवून बसा, मान सावकाश एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं वळवा. गरगरलं तर थांबा. आता उभे राहा, पलंगाला किंवा भिंतीला हात लावून, आणि मनात दहा मोजा. दहा मोजून झाल्यावर पहिलं पाऊल. आईला दहा आकडे मोजणं कंटाळवाणं वाटायचं. ती आता गणपतीचं नाव दहा वेळा घेते. वेळ तेवढाच लागतो.

चालताना मोबाईल हातात नको. टॉर्च म्हणून हवाच असेल तर उजेड जमिनीवर, स्क्रीन डोळ्यांपासून दूर. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये एक साधं निरीक्षण छापलं: वृद्धाश्रमातली जी माणसं चालता चालता बोलायची वेळ आली की थांबतात, ती पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडतात. चालणं त्यांच्यासाठी इतकं लक्ष खाणारं झालेलं असतं की दुसरं काम एकाच वेळी झेपत नाही. आणि तरुणांनाही सूट नाही. ऑस्ट्रेलियात २०१४ साली मोबाईलवर टाइप करत चालणाऱ्यांची चाल मोजली तेव्हा ती मंदावलेली, रेषेवरून सरकणारी आणि डोकं धडाला जखडल्यासारखी निघाली. रंकाळ्याच्या पदपथावर संध्याकाळी पाच मिनिटं थांबून बघा, मोबाईलमध्ये बघत येणारा माणूस लांबूनच ओळखू येतो.

चौथी पायरी: वाट

रात्रीची वाट रात्रीच तपासा. सगळे दिवे मालवून, स्क्रीन दोन मिनिटं बघून, मग भिंतीला हात लावत अंथरुणापासून मोरीपर्यंत एकदा जा. काय आडवं येतं ते दिवसा कधीच कळणार नाही. आमच्याकडं चार्जरची वायर, पायपुसणं आणि पाणी तापवायच्या बंबाजवळ ठेवलेली बादली निघाली.

उंबऱ्याच्या दोन्ही कडांना दोन बोटं रुंद पिवळा पट्टा रंगवा. फरशी काळसर असेल तर पांढरा चालतो, रंग फरशीच्या उलट हवा. पायपुसण्याखाली रबर नसेल तर ते काढून टाका. वाटेवर, गुडघ्याच्या उंचीवर, माणूस आला की लागणारा सेन्सरचा पिवळसर दिवा बसवा. छतावरच्या दिव्यापेक्षा तो बरा, कारण उजेड जमिनीवर पडतो आणि झोप मोडत नाही. मोरीच्या दाराशी आणि कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा हवा. टॉवेल अडकवायचा दांडा वजन पेलत नाही, तो धरून पडलेली माणसं मी बघितली आहेत.

पायात काय घालायचं? मला कोल्हापुरी चप्पल जीव की प्राण आहे. पण ती रात्री ओल्या फरशीवर नको. कातड्याचा तळ ओल्यावर घसरतो आणि टाचेला पट्टा नसल्यानं पाऊल आत सरकतं. घरात रबरी तळाची, टाच धरणारी सपाट चप्पल ठेवा आणि ती अंथरुणाच्या उतरण्याच्या बाजूलाच ठेवा.

पाचवी पायरी: ओट्यापाशी दहा मिनिटं

२०१९ मध्ये १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. घरात राहणाऱ्या वयस्कर माणसांनी नेमानं व्यायाम केला तर पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं असं त्यात निघालं. तोल आणि पायांची ताकद यांच्या व्यायामांचा त्यात मोठा वाटा. पडणं टाळण्यासाठी याहून भरवशाचं औषध माझ्या माहितीत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही ६५ वर्षांवरच्यांना आठवड्यातून निदान तीन दिवस असे व्यायाम करायला सांगते.

कोल्हापूरला बैठकांचं महत्त्व मी काय सांगणार. १९१२ पासून खासबागेच्या मैदानात जी माणसं लढली ती आधी तालमीत पायांवरच घडली. आपल्याला शंभर बैठका मारायच्या नाहीत. खुर्चीवरून हात न लावता उठायचं आणि सावकाश, धप्पकन न बसता, खाली बसायचं. आठ वेळा, थोडं थांबून पुन्हा आठ. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंच करा. हात न लावता जमतच नसेल तर लावा, पण पुढच्या आठवड्यात एका हातावर या.

स्वयंपाकघराचा ओटा तोलासाठी उत्तम, हाताशी असतो आणि हलत नाही. ओटा धरून टाचा वर उचला, दोन मोजून खाली, दहा वेळा. मग ओट्यावर बोटं टेकवून टाच-अंगठा एका रेषेत उभे राहा, आधी दहा सेकंद, महिन्याभरात तीस. जमायला लागलं की बोटं उचलून ओट्यापासून दोन इंचांवर ठेवा. मग ओट्याच्या कडेनं टाचेला अंगठा लावत जा आणि परत या. चहा उकळेपर्यंत एवढं सहज होतं, आणि तीच वेळ ठरवली की विसरत नाही.

मानेसाठी दोनच. भिंतीला पाठ लावून नजर समोर ठेवत हनुवटी सरळ मागं न्या, दुहेरी हनुवटी व्हावी तशी, पाच सेकंद धरा, सोडा, दहा वेळा. हनुवटी वर-खाली होता कामा नये. दुसरा, खांद्याची पाती मागं आणि किंचित खाली जवळ आणा, पाच सेकंद, दहा वेळा. हे दोन्ही संध्याकाळच्या मोबाईलच्या आधी करा आणि मधे एकदा करा. नंतर करण्यापेक्षा मधे केलेलं जास्त उपयोगी पडतं असा माझा अनुभव आहे.

आतल्या कानासाठी: खुर्चीवर बसून अंगठा हातभर लांब उभा धरा, नजर नखावर खिळवा आणि डोकं नाही म्हणतो तसं डावी-उजवीकडं हलवा. नख स्पष्ट दिसेल एवढ्याच वेगानं, वीस सेकंद. तासन् तास स्क्रीनसमोर डोकं एका जागी गोठलेलं असतं. डोकं हलत असताना नजर स्थिर ठेवायचं काम या यंत्राला रोज थोडं तरी मिळालं पाहिजे.

आणि शक्य असेल त्यांनी मोबाईलचा पहिला तास रंकाळ्याला देऊन बघावा. सूर्य मावळताना संध्यामठाकडं, शालिनी पॅलेसकडं लांबवर बघत चालायचं, मोबाईल खिशात. लांब बघणाऱ्या डोळ्यांमागं मान आपोआप वर येते.

सहावी पायरी: झोपेचा हिशेब

डोळ्याच्या पडद्यात उजेड मोजणाऱ्या खास पेशी असतात. निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात आणि मेंदूला सांगतात की अजून दिवस आहे. मग झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा सुटतं. २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात बारा जणांना पाच रात्री झोपण्याआधी चार तास चमकत्या स्क्रीनवर पुस्तक वाचायला दिलं आणि पाच रात्री छापील पुस्तक. स्क्रीनच्या रात्रींत झोप सुमारे दहा मिनिटं उशिरा लागली आणि शरीराचं घड्याळ दीड तासानं पुढं ढकललं गेलं. बारा जण म्हणजे थोडे, आणि त्यांची स्क्रीन पूर्ण उजेडावर होती. पण सकाळी मंदावलेपण राहतं ही तक्रार तुम्ही स्वतःही केली असेल. अपुऱ्या झोपेनं उभं राहताना डुलणं वाढतं आणि मधेच उठलेल्या माणसाचा मेंदू काही मिनिटं अर्धा झोपेतच असतो.

झोपण्याआधी तासभर स्क्रीन बंद, हे उत्तम. ते जमत नसेल तर उजेड कमीत कमी, पिवळसर छटा चालू आणि खोलीत मंद दिवा जळत ठेवा. स्क्रीन आणि खोली यांच्या उजेडात जितकं कमी अंतर तितका उठल्यावरचा अंधार कमी.

घरी थांबू नये असं काही

अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद खोली गरगर फिरते, हे बहुतेक वेळा आतल्या कानातले सूक्ष्म खडे जागचे हलल्यानं होतं. जाणकार माणूस डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवून ते बसवतो आणि अनेकदा एक-दोन भेटींत आराम पडतो. ते अंगावर काढू नका. मानदुखीबरोबर हात बधिर होणं, गुंड्या लावताना बोटं न चालणं, चालताना पाय जड आणि लटपटते वाटणं, हे मानेत मज्जारज्जूवर दाब आल्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी मानेचे व्यायाम थांबवून तज्ज्ञाकडं जा. मधुमेह असेल आणि तळव्यांना फरशीचा गारवा कळत नसेल तर तेही सांगा.

अचानक तोल जाणं, तोंड वाकडं होणं, शब्द अडखळणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, एका डोळ्यानं एकाएकी दिसेनासं होणं, यांत मोबाईलला दोष देत बसू नका. १०८ ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला साडेचार तासांचीच मुदत असते. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारं माणूस डोक्यावर पडलं तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखाना.

सहा आठवड्यांनी पहिल्या पायरीतली मोजणी पुन्हा करा, त्याच कोपऱ्यात, त्याच दोन वेळांना. आईच्या वहीत दुपारचे सातचे सोळा झाले आहेत. रात्रीचे चारचे बारा. परवा मालिका संपली तेव्हा मी पलीकडच्या खोलीत होते. आधी दिव्याचं बटण वाजलं, मग चाळीशीची घडी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. ती दहा मोजत होती.